पाण्याखालचा पहिला कॅमेरा

मी जालना जिल्ह्यातली आणि मला समुद्राच्या पाण्याखाली फोटो काढायचा नाद आहे, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू द्या. आमच्यापासून मुंबईचा समुद्र सुमारे ४०० किलोमीटर लांब. आमचा जिल्हा मोसंबीचा, बियाण्यांचा आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांचा. पावसाने पाठ फिरवली की टँकरची वाट बघणारा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलावसुद्धा आटला होता आणि जालनेकरांनी त्यातला गाळ उपसायला घेतला होता. अशा मुलखातल्या बाईने पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या गोष्टी सांगाव्यात, म्हणजे गंमतच की नाही?

पण समुद्र नसला तरी आमच्याकडे विहिरी आहेत. अंबड तालुक्यातल्या आमच्या शेतात सात परस खोल विहीर आहे. आजोबांनी ती खणली. त्याच विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून, मी पोहायला शिकले. विहिरीत पडलेली कळशी बुडी मारून कोण वर आणतो, अशी आम्हा भावंडांची शर्यत असे. पाण्याखाली डोळे उघडले की सगळं हिरवं, धूसर, आणि कानात नुसता ठोक्यांचा आवाज. तिथे खाली काय काय असेल, हे कुतूहल तेव्हापासूनचं.

पुढे मी शिक्षिका झाले. शाळेत विज्ञान शिकवते. चार पैसे गाठीशी जमल्यावर एका दिवाळीच्या सुट्टीत मी मालवणजवळच्या तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकले. निघताना आजी म्हणाली, "काहून गं, एवढ्या लांब पाण्यात बुडायला जायलीस? आपल्या हिरीत पाणी कमी हाय का?"

स्कूबा म्हणजे पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेणं. त्या टाकीत ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, बरं का. आपण श्वासात घेतो तीच साधी हवा गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. जगभर चालणाऱ्या 'पॅडी' या संस्थेच्या नियमाप्रमाणे वयाची १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना शिकायला सुरुवात करता येते. मोठ्या माणसाने पहिला अभ्यासक्रम पुरा केला की त्याला १८ मीटरपर्यंत जाता येतं. लहान मुलांसाठी मर्यादा त्याहून कमी असते आणि सोबत मोठं माणूस लागतंच.

'आधी हात रिकामे'

पाण्याखालचं ते जग बघितलं आणि मला लगेच कॅमेरा हवासा वाटला. तुम्हालाही वाटेल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे आहेत, खडकाच्या फटीतून मिशा हलवत बघणारे शेवंडे आहेत. हे सगळं घरी नेऊन दाखवायला नको?

आमचे प्रशिक्षक मालवणचेच, वयाने पन्नाशीचे. मी त्यांना विचारलं, "सर, कुठला कॅमेरा घेऊ?" ते म्हणाले, "बाई, आधी हात रिकामे ठेवून वीस वेळा खाली जा. मग विचारा."

त्यांनी असं का सांगितलं, ते मला दुसऱ्याच दिवशी समोर दिसलं. आमच्या बोटीवर एक पाहुणे होते. तेही माझ्यासारखेच नवशिके. त्यांच्याकडे दोन मुठींचा, दोन दिव्यांचा, भला मोठा कॅमेरा. खाली गेल्यावर एक मासा पुढे आणि हे गृहस्थ मागे. त्यांचे डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर. पायातले लांब पंखे खालच्या प्रवाळांवर आपटत होते, ते त्यांच्या गावीही नव्हतं. हवा किती उरली हे सांगणारा काटा कमरेशी लोंबत होता, तिकडे बघायला सवड कुणाला? टाकीत साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते आणि काटा ५० वर येण्याच्या आत वर निघायचं असतं. प्रशिक्षकांनी त्यांची टाकी मागून धरून त्यांना थांबवलं, तेव्हा काटा ५० च्या खाली गेला होता. सगळे सुखरूप वर आले. पण बोटीवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता एक प्रयोग करा. घरातला मोबाइल घ्या आणि खिडकीतल्या कुंडीचा फोटो काढा. बटण दाबताना स्वतःकडे लक्ष द्या. काय झालं? तुम्ही श्वास रोखलात ना? हात हलू नये म्हणून आपण सगळेच असं करतो. जमिनीवर त्याने काही बिघडत नाही. पण पाण्याखाली टाकीतली हवा घेणाऱ्या माणसाचा पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखायचा नाही.

का? हे सातवी-आठवीच्या मुलांना समजेल असं आहे. समुद्रसपाटीला आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला आणखी एक वातावरण वाढतं. म्हणजे १० मीटर खोलीवर दुप्पट दाब. तिथे तुम्ही छातीभर हवा घेतली, श्वास रोखला आणि तशाच वर आलात, तर दाब निम्मा होतो आणि त्याच हवेला दुप्पट जागा लागते. फुप्फुसाचा फुगा किती ताणणार? त्यामुळे जिवावर बेतू शकतं. आणि त्यासाठी १० मीटर वर यावं लागतं असंही नाही. एक-दोन मीटरचा फरकसुद्धा धोक्याचा असतो.

म्हणजे बघा, जमिनीवरची आपली एक निरुपद्रवी सवय पाण्याखाली वैरी होते. म्हणून मी ठरवलं, की कॅमेरा निवडताना 'फोटो किती सुंदर येईल' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा : हा हातात असताना मला संथ श्वास घेता येईल का, काट्याकडे बघता येईल का, सोबत्याला खूण करता येईल का? या चाळणीतून बरेच कॅमेरे आपोआप गळून पडतात.

बाजारात काय काय मिळतं?

सर्वांत स्वस्त म्हणजे मोबाइलची प्लॅस्टिकची पिशवी. ती पावसात आणि तलावाच्या काठावर ठीक. डायव्हिंगला मुळीच नाही. 'हा मोबाइल पाण्यात चालतो' अशी जाहिरात असते, ती प्रयोगशाळेतल्या साध्या, स्थिर पाण्याच्या चाचणीवरून. समुद्राचं खारं, हलतं पाणी आणि खोलीवरचा दाब हा वेगळाच मामला आहे. मोबाइलसाठी डायव्हिंगच्या कडक पेट्याही मिळतात. पण तुमच्या घरातला मोबाइल बँकेचा, शाळेचा आणि आजीच्या डॉक्टरांचाही असेल, तर तो समुद्रात न्यायचा का, याचा विचार करा.

दुसरा प्रकार, काडेपेटीहून जरा मोठा असा 'ॲक्शन कॅमेरा'. गोप्रो हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. त्याची भिंग रुंद असते, म्हणजे समोरचं पुष्कळ एकाच चौकटीत मावतं. सारखा नेम धरावा लागत नाही. चालू करून सोडलं की चित्रफीत निघत राहते. गोप्रोच्या हिरो ब्लॅक मालिकेतले अलीकडचे कॅमेरे नुसते १० मीटरपर्यंत आणि वेगळ्या पेटीत घातल्यावर ६० मीटरपर्यंत चालतात. इथे गणित करा. तुम्हाला १८ मीटरपर्यंत जायची परवानगी आहे आणि कॅमेरा १० मीटरचा. मग पेटी लागणारच. कॅमेऱ्याची किंमत विचारताना पेटीची किंमत त्यात धरूनच विचारायची.

तिसरा प्रकार, खिशात मावणारा दणकट कॅमेरा. ओएम सिस्टीमच्या 'टफ' मालिकेतला टीजी-७ हा २०२३ साली आलेला कॅमेरा नुसता १५ मीटरपर्यंत आणि त्याच्या पेटीत ४५ मीटरपर्यंत जातो. त्याची खासियत म्हणजे भिंगापासून १ सेंटीमीटरवरची वस्तूही त्याला स्पष्ट दिसते. नखाएवढ्या समुद्री गोगलगायींचे फोटो काढायचे असतील, तर हा खरा. पण इतक्या जवळून फोटो काढायला शरीर पाण्यात एका जागी स्थिर ठेवता आलं पाहिजे, आणि तेही श्वास चालू ठेवून. ते नवशिक्याला जमत नाही.

चौथा प्रकार, आत कायमचा बंद केलेला कॅमेरा. सीलाइफचे 'मायक्रो' कॅमेरे असे असतात. उघडायची पेटीच नाही, त्यामुळे पाणी शिरायची भीती फार कमी. मात्र बॅटरी आणि कार्डही आतच. ते बदलता येत नाही.

आणि पाचवा म्हणजे भिंगं बदलता येणारे मोठे कॅमेरे. त्यांची पेटी अनेकदा कॅमेऱ्याहून महाग असते. त्या पाहुण्यांच्या हातात होता तो असला. तो वाईट नाही. पण सायकल शिकायच्या आधी कुणी ट्रॅक्टर चालवायला बसत नाही.

दोरीला बांधलेला कॅमेरा

पाण्याखाली फोटो काढायची माणसाची धडपड मोठी जुनी आहे. इंग्लंडमधल्या वेमथ इथे १८५६ साली विल्यम थॉम्पसन यांनी कॅमेरा एका पेटीत घालून बोटीतून समुद्रात खाली सोडला. स्वतः वरच थांबले. १० मिनिटं पेटीचं झाकण उघडं ठेवलं. पेटीत पाणी शिरलं, तरी काचेवर अंधूक चित्र उमटलं! फ्रान्सच्या लुई बूताँ यांनी १८९३ साली पाणबुड्याचा पोशाख घालून, खाली उतरून फोटो काढले. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ लाँग्ली आणि मार्टिन या जोडीने १९२६ साली पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. उजेडासाठी त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून भडका उडवला होता.

रंगीत फोटोसाठी एवढा भडका कशाला? कारण पाणी रंग गिळतं. आणि सगळ्यांत आधी लाल. माझ्या मनगटावर पूजेचा लाल धागा होता. बोटीवर तो लालभडक. सात-आठ मीटरवर बघितला, तर मातकट काळपट! प्रशिक्षकांनी त्यावर हातातल्या बॅटरीचा झोत टाकला आणि क्षणात धागा पुन्हा लाल झाला. पाच मीटरच्या आसपासच लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. उरतो निळा आणि हिरवा. म्हणून पाण्याखालचे नवशिक्यांचे फोटो निळेहिरवे, उदास दिसतात. दोष कॅमेऱ्याचा नसतो.

यावर पहिला उपाय म्हणजे दिवा, पण दिव्याचा उजेडही पाण्यातूनच जातो आणि वस्तूवर आपटून पाण्यातूनच परत येतो. म्हणजे दुप्पट प्रवास. म्हणून दुसरा आणि खरा उपाय, जवळ जा. हातभर अंतरावरून घ्या. लांबच्या गोष्टीचा मोह सोडा.

मालवणचं पाणी अनेकदा गढूळसर असतं. त्यात बारीक कण तरंगत असतात. दिवा भिंगाच्या अगदी शेजारी असला तर आधी ते कणच चमकतात आणि फोटोत जणू पांढरा भुगा उडालेला दिसतो. धुळीच्या रस्त्यावर रात्री मोटारीचे दिवे लावले की समोर नुसती धूळ दिसते, तसंच. म्हणून दिवा भिंगापासून बाजूला, एका छोट्या दांडीवर बसवायचा. कॅमेऱ्यातला फ्लॅश बंदच ठेवायचा.

आणखी एक गंमत. एका वाटीत नाणं ठेवा, पाणी ओता आणि वरून बघा. नाणं वर आल्यासारखं, जवळ आल्यासारखं दिसेल. पाण्याखाली सपाट काचेतून सगळं असंच दिसतं. वस्तू सुमारे पाव हिश्शाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी. कॅमेऱ्यालाही तसंच दिसतं, म्हणजे त्याच्या चौकटीत कमी मावतं. जवळ तर जायचं, पण समोरचं सगळं मावलंही पाहिजे. म्हणून रुंद भिंग.

या सगळ्याचा विचार करून माझी जुळणी ठरली. एक ॲक्शन कॅमेरा, त्याची ६० मीटरची पेटी, हातात धरायला एका मुठीची छोटी पट्टी, बाजूला एक दिवा आणि सगळं अंगावरच्या जाकिटाला अडकवायला स्प्रिंगसारखी दोरी. त्या दोरीला मी सर्वांत महत्त्व देते. काही गडबड झाली तर कॅमेरा सरळ सोडून देता आला पाहिजे. दोन्ही हात एका क्षणात मोकळे.

कुकरची रिंग

पेटीच्या झाकणाला एक रबराची बारीक रिंग असते. स्वयंपाकघरात जाऊन कुकरच्या झाकणाची रिंग बघा. तिच्यात भाताचं शीत अडकलं तर काय होतं? वाफ फुसफुस बाहेर जाते, शिट्टी होत नाही. इथे उलटं. एक केस, वाळूचा एक कण, कापसाचा एक तंतू रिंगखाली अडकला तर पाणी आत येतं. खोल गेल्यावर पाण्याचा दाब झाकण आणि रिंग आणखी घट्ट दाबतो. म्हणून पाणी शिरायचं ते पुष्कळदा वरच्या उथळ पाण्यातच शिरतं.

आमच्याकडे कापसाच्या दिवसांत घरभर तंतू उडत असतात. म्हणून मी पेटी बंद करायची जागा ठरवली आहे. पंखा बंद, ओल्या फडक्याने पुसलेलं टेबल, चांगला उजेड. रिंग बोटाने फिरवत तपासायची, लिहून दिलेलं असेल तर आणि तेवढंच सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, झाकण लावून चारी बाजूंनी बघायचं. आत ओलावा शोषणारी पुडी ठेवायची, नाहीतर थंड पाण्यात गेल्यावर काच आतून धुकटते. गरम चहाच्या वाफेने आजोबांचा चष्मा धुकटतो, तशी.

नवी पेटी आली की आधी ती रिकामी, कॅमेऱ्याशिवाय पाण्यात बुडवून बघायची. आत कोरडा कागद ठेवायचा. मी ती तासभर बादलीत, वर दगड ठेवून बुडवली. कागद कोरडा निघाला. आणि हो, बादलीतलं पाणी कढीपत्त्याला घातलं. आम्ही पाणी ओतून देत नाही.

विहिरीची परीक्षा

बादली झाली. आता कॅमेरा घालून थोडं खोल पाहिजे. विहिरीशिवाय दुसरी जागा कुठली? मी खाली उतरणार नव्हते. थॉम्पसनसाहेबांसारखं दोरीने सोडायचं ठरलं.

त्या वर्षी घरात एक वाद चालू होता. विहिरीचं पाणी कमी पडत होतं आणि मोसंबीची बाग धोक्यात होती. आधीच्या दुष्काळात आमची अर्धी बाग वाळली होती. वाळलेली झाडं तोडताना आजी दोन दिवस जेवली नव्हती. आता भाऊ विहिरीच्या आतून आडवं बोअर घेणार होता. पैसे एकाच बोअरपुरते. मशीनवाल्याने मावळतीची बाजू सांगितली होती. आजी म्हणत होती, "झरा उगवतीला हाय. तुझ्या आज्यानं खणली तवा म्या तिथंच होते. टोपल्या म्या वाहिल्यात." पण तो झरा आता पाण्याखाली होता आणि नव्वदीच्या आजीचं ऐकायला कुणी तयार नव्हतं.

माघ महिना होता. पाणी निवळलेलं. कॅमेऱ्याच्या पट्टीला तराजूचं दोन किलोचं वजन बांधलं. एकाच दोरीवर तो गरगर फिरत राहिला असता, म्हणून बैलांचे दोन कासरे घेतले. एक माझ्या हातात, एक पलीकडे भावाच्या हातात. दिवा चालू, चित्रफीत चालू, आणि कॅमेरा हळूहळू खाली. आधी मावळतीची भिंत, मग उगवतीची. वर काढला तेव्हा पेटीत थेंबही नव्हता.

ओसरीवर आजीच्या बाजेभोवती बसून सगळ्यांनी बघितलं. हिरवट पाणी, काळा पाषाण, शेवाळ, एक गंजलेली कळशी. मावळतीची भिंत स्तब्ध. उगवतीला तळापासून हातभर वर एक आडवी भेग होती आणि तिच्या तोंडाशी गाळाचे बारीक कण सारखे नाचत होते. उकळत्या दुधावर साय हलते तसे. आतून पाणी येत होतं.

आजीला डोळ्यांनी नीट दिसत नाही. तिने विचारलं, "हालतंय का?"

भाऊ म्हणाला, "हालतंय, आजी."

बोअर उगवतीला घेतलं. विहीर त्यानंतर कधी कमी झाली नाही, असं मी म्हणणार नाही. जालन्यातल्या विहिरीबद्दल असं कुणीच म्हणू नये. पण त्या उन्हाळ्यात बाग जगली. आणि माझ्या कॅमेऱ्याचा खर्च वायफळ आहे, असं घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

समुद्रात

पावसाळ्यात मालवणला डायव्हिंग बंद असतं. साधारण ऑक्टोबर ते मे हा हंगाम. तोवर माझ्या रिकाम्या हातांच्या वीस फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. एकविसाव्या फेरीला कॅमेरा घेतला. प्रशिक्षकांनी तीन अटी घातल्या. पहिली, दर वेळी फोटो काढायच्या आधी काट्याकडे बघायचं. दुसरी, बटण दाबताना बुडबुडे चालू दिसले पाहिजेत. तिसरी, कशालाही हात लावायचा नाही आणि कशावरही पाय टेकायचा नाही.

तिसरी अट समजून घ्या. मालवणचा हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण ती लाखो जिवंत जिवांची वसाहत असते. गोटीसारखे भरीव वाढणारे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर एखादा सेंटीमीटर वाढतात. तुमच्या एका लाथेने मोडणारा तुकडा तुमच्या आईबाबांच्या वयाचा असू शकतो. एका फोटोसाठी तो मोडायचा?

पूर्वी फिल्मचे कॅमेरे होते, तेव्हा एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. पाण्याखाली रोल बदलणं शक्य नसे. आता कार्डात हजारो मावतात. तरी मी ३६ चाच नियम पाळते. त्यामुळे बघणं जास्त होतं, काढणं कमी. त्या दिवशी ३६ पैकी चार बरे निघाले. एकात पट्टेरी मासे आहेत आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात माझेच बुडबुडे आले आहेत. प्रशिक्षकांना तोच आवडला.

परत आल्यावर कॅमेरा पेटीसकट अर्धा तास गोड्या पाण्यात ठेवायचा, आत बुडालेला असतानाच बटणं दाबायची, म्हणजे खारं पाणी फटीतून निघतं. ते वाळलं तर मिठाचे खडे होऊन बटणं अडतात. पूर्ण पुसून, कोरडा करूनच पेटी उघडायची. पुष्कळ पाणी लागत नाही, कॅमेरा बुडेल एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी मी सिंधुदुर्ग किल्ला बघितला. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचं काम सुरू करताना पाण्याची सोय आधी पाहिली होती. आम्हा जालन्याच्या लोकांना त्या विहिरींचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

तर मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे डायव्हिंग शिकलं आणि दुकानात कॅमेऱ्यांच्या कपाटासमोर उभं राहिलं, तर घाई करू नका. आधी खोली विचारा, पेटीची किंमत विचारा, रिंग कुठे मिळते ते विचारा. एखादा कॅमेरा आधी भाड्याने मिळतो का बघा. आणि आईबाबांनो, मुलगी किंवा मुलगा महागडा कॅमेरा मागत असेल तर लगेच 'नाही' म्हणू नका आणि लगेच 'हो'ही म्हणू नका. "तुझ्या किती फेऱ्या झाल्या?" एवढंच विचारा.

तोपर्यंत काय करायचं? पोहायला शिका, मोठं माणूस काठावर असतानाच. विहिरीत एकट्याने कधी उतरू नका. आणि रोज मोबाइलने एक फोटो श्वास न रोखता काढायचा सराव करा. वाटतं तेवढं सोपं नाही. आठ दिवस करून बघा.